वीज सगळ्यात शेवटी

बेटा, आर्णीच्या घरातली ती सागवानी पेट्यांची जोडी तू माळ्यावरून खाली आणलीस आणि रविवारी वाजवून बघणार आहेस, असं तुझ्या आईने सांगितलं. रविवारी वाजवू नकोस. माळ्यावर पडून स्पीकरचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं. खाली आणल्याच्या दिवशी घाईने तारा जोडून आवाज मोठा केल्याने जे होतं, ते बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही. इतकी वर्षं दुरुस्तीच्या बाकावर बसून मी जेवढे जळालेले स्पीकर उघडले, त्यातले कितीतरी त्या एका दिवसाने जाळलेले होते. म्हणून क्रम लक्षात ठेव: आधी डोळे, मग मीटर, मग हात, मग दीड व्होल्टचा सेल, आणि वीज सगळ्यात शेवटी.

दुसरी गोष्ट, ही जोडी आहे. एका पेटीला जे करशील ते दुसरीलाही कर, तिला गरज नाही असं वाटलं तरी. जुनी गाणी बहुतेक मोनो आहेत, म्हणजे दोन्ही पेट्यांतून तोच आवाज येतो. दोन्ही सारख्या वागत असतील तर गाणारा दोघींच्या बरोबर मध्ये, रिकाम्या भिंतीपाशी उभा आहे असं वाटतं. एकीचा कपॅसिटर नवा आणि दुसरीचा जुना असला की तोच गाणारा एका बाजूला सरकतो, आणि आपल्याला वाटतं की रेकॉर्डिंगच वाईट आहे.

या पेट्यांची थोडी ओळख करून घे, म्हणजे हात कुठे हलका ठेवायचा ते कळेल. या पेट्या केल्या त्या काळात फिलिप्स, सोनोडाइन, कॉस्मिक यांचे तयार संच आपल्या भागातल्या शिक्षकाच्या किंवा छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून आपण नागपूरला सीताबर्डीवरून नुसते स्पीकर आणले, खर्जाचे दोन आठ इंची वूफर आणि बारीक आवाजाचे दोन ट्वीटर, आणि पेट्या गावातच करून घेतल्या. यवतमाळ जिल्हा सागाचा. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या जंगलाचं लाकूड ओळखणारे सुतार आपल्याकडे होते, त्यामुळे खोक्याची चिंता नव्हती. आतल्या स्पीकरची रचना मात्र १९२५ सालची आहे. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ती मांडली: चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटलेला कागदाचा कोन, आणि कोन मध्यावर धरून ठेवणारी लवचीक चकती. शंभर वर्षांत तत्त्व बदललेलं नाही. म्हणूनच घरात, टेबलावर, शांत हाताने तो दुरुस्त करता येतो. आजच्या मोबाइलमधल्या स्पीकरचं तसं नाही.

खाली आणलेल्या पेट्या लगेच उघडू नकोस आणि अंगणातल्या उन्हात तर मुळीच ठेवू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात प्लायचे थर सुटतात, सरस सुटतो, कागदाचा कोन वाकडा होतो. वारा खेळणाऱ्या खोलीत, सावलीत, दोन लाकडी पट्ट्यांवर उभ्या ठेव आणि आठ-दहा दिवस त्यांना हात लावू नकोस. कागदाने, लाकडाने आणि कापडाने जो ओलावा धरून ठेवलाय, तो हळूहळूच निघायला हवा. पेट्यांना कधी अरुणावती नदीच्या पुराचं पाणी लागलं असेल, तर हा काळ महिन्यावर ने. पाणी लागलेल्या पेटीतला स्पीकर आधी बाहेर काढून ठेवायचा असतो, कारण चुंबकाच्या फटीत गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

साफसफाईला रंगाचा नवा, मऊ, दोन इंची ब्रश घे. आपल्याकडची धूळ दोन प्रकारची असते. एक काळ्या मातीची, अगदी बारीक, पावसाळ्यात चिकटून बसणारी. दुसरी जिनिंगच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू. पहिली ब्रशने निघते, दुसरी चिमट्याने उचलायची. कोनावर ब्रश मध्यापासून कडेकडे, नुसता टेकवून फिरव. ओलं फडकं कागदाला लावायचं नाही. व्हॅक्यूम क्लीनर, कॉम्प्रेसरची हवा, सायकलचा पंप यातलं काहीही कोनाजवळ नेऊ नकोस. व्हॅक्यूमने मधली टोपी आत-बाहेर ओढली जाते, कॉम्प्रेसरने जुना कागद उभा फाटतो.

आता उघडायचं. जुने स्क्रू गंजलेले असतील. सैल करण्याआधी प्रत्येक स्क्रू किंचित घट्ट फिरव, गंजाची पकड तुटते. तरी हलत नसेल तर सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकव, मग फिरव. तेल ओतू नकोस, ते लाकडात उतरतं. आणि हे नीट ऐक: पेचकस स्पीकरच्या पुढच्या बाजूला नेताना दुसरा हात कोनावर आडवा धर, किंवा जाड पुठ्ठा ठेव. स्पीकरचं चुंबक पेचकस ओढून घेतं आणि हातातून निसटलेलं टोक सरळ कागदात घुसतं. चांगल्या, धडधाकट स्पीकरचे कोन असे फाटलेले मी खूप पाहिले आहेत.

तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढ आणि धन तारेला लाल दोरा बांध. स्पीकरच्या मागे तारा लागतात त्या पट्टीवर लाल ठिपका किंवा अधिकचं चिन्ह असतं, तेही फोटोत येऊ दे.

आत काय सापडेल ते सांगतो. कुंभारीण माशीची मातीची घरटी, पालीची अंडी, उंदराने कुरतडलेला कागद, आणि कोपऱ्यात वाळवीची मातीची नळी. कुंभारणीचं घरटं कोनाला चिकटलेलं असेल तर उपटू नकोस. बांबूच्या काडीने कडेकडेने थोडं थोडं फोड. शेवटचा पातळ थर राहिला तर राहू दे. वाळवी दिसली तर स्पीकर, तारा आणि ट्वीटरला तार जाते ती छोटी पट्टी, सगळं बाहेर काढ आणि मगच पेटीला औषध मार. औषधाची फवारणी कोनाला आणि कापडी किनारीला लागता कामा नये. आत पिवळी काचेची लोकर भरलेली असेल तर नाकाला फडकं आणि हातात मोजे घाल.

आपल्या पेट्यांत मात्र तेव्हा साधा कापूसच भरला होता. कापसाच्या गावात दुसरं काय सुचणार! तो आता काढून टाक. कापूस ओल धरतो, कीड धरतो, दबून गोळा होतो. त्याऐवजी उशीत भरतात तो पॉलिस्टरचा तंतू घे, मोकळा पिंजून, तीन भिंतींना लागेल इतका, आणि दोन्ही पेट्यांत तराजूवर तोलून सारखाच भर. वूफरच्या मागे गच्च कोंबू नकोस.

मग मीटर. साधा डिजिटल मीटर २०० ओहमवर ठेव, आधी त्याच्याच दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते बघ आणि तेवढे नंतर वजा कर. आठ ओहम लिहिलेला स्पीकर मीटरवर साधारण सहा ते सात दाखवतो, चार ओहमचा तीन ते साडेतीन. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लिहिलेला आकडा चालू आवाजातला असतो, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काहीच दाखवत नसेल तर तार कुठेतरी तुटली आहे. नेहमी ती गुंडाळीतच तुटलेली नसते. कोनापासून मागच्या पट्टीपर्यंत येणारी ती लवचीक विणलेली तार आधी तपास, ती पट्टीपाशी तुटलेली असते आणि दोन मिनिटांत झाळता येते. दोन्ही वूफरचे आकडे लिहून ठेव. एक ६.२ आणि दुसरा ६.४ असेल तर उत्तम. एक ६.२ आणि दुसरा ४ असेल, तर दुसऱ्याच्या गुंडाळीचे काही वेढे आपसात चिकटले आहेत. तो अॅम्प्लिफायरला लावायचा नाही.

मीटर ठीक आला की हात. स्पीकर टेबलावर उताणा ठेव, दोन्ही हातांची बोटं टोपीच्या भोवती सारख्या अंतरावर ठेव आणि कोन अगदी हलके, दोन-तीन मिलिमीटर खाली दाब. कान जवळ ने. काही ऐकू आलं नाही तर चांगलं. खरखर आली तर गुंडाळी फटीत घासते आहे. याची कारणं तीन: आतली ती पिवळसर नालीदार चकती, जिला आपण स्पायडर म्हणतो, ती एका बाजूला ओघळली आहे, किंवा फटीत गंज वा धूळ आहे, किंवा पेटी कधीतरी पडून चुंबकच सरकलं आहे. पहिल्या कारणाला एक जुना उपाय आहे आणि तो खरंच लागू पडतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या स्पीकरचा कोन स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. स्पीकर काढून अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवून पुन्हा बसव. आता तेच वजन उलट्या बाजूला ओढतं आणि काही महिन्यांत गुंडाळी मध्यावर येते. हे दोन्ही पेट्यांत कर. गंज किंवा सरकलेलं चुंबक असेल तर तू हात घालू नकोस. चुंबक घरी उघडायचं नसतं. कोन बदलून देणाऱ्याकडे ने आणि जुना कोन परत माग, म्हणजे जाडी आणि वजन जुळवता येतं.

त्यानंतर सेल. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घे, त्याचं धन टोक वूफरच्या लाल ठिपक्याला आणि ऋण टोक दुसऱ्याला, फक्त स्पर्श करून लगेच काढायचं. कोन पुढे उडी मारेल. मागे गेला तर ठिपका चुकीचा आहे. स्पीकर चांगलाच आहे, फक्त तू खूण बदलून घे. दोन्ही वूफर एकाच खुणेला पुढे आले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे जात असेल तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि खर्ज नाहीसा होतो. लोक मग बेसचं बटन फिरवत बसतात. ट्वीटरला थेट सेल लावायचा नाही. त्याची तार बारीक असते, त्याला मीटरच्या काडीने येणारी टिक पुरे.

आता किनार. आपल्या वूफरला घडीदार कापडाची किनार आहे, ती सहसा टिकते. बोटाने तिचा मऊपणा बघ, पण काही लावू नकोस. गावात कुणी पॉलिश, कुणी खोबरेल तेल लावायला सांगेल. तेल कागदात उतरतं आणि कोन कायमचा जड होतो. तुझ्या मित्रमंडळींकडे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तयार पेट्या असतील तर त्यांत बहुधा फोमची किनार असते. तो फोम पंधरा-वीस वर्षांत दमट हवेने आपोआप कुजतो, वापर असो वा नसो. बोट लावलं की भुगा होतो. तिथे नवी किनार चिकटवावी लागते: जुना चिकटा खरवडून काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा पुसायची, आधी किनार कोनाला चिकटवायची, वाळू द्यायची, मग बाहेरची कडा. बाहेरची कडा चिकटवताना कोन बरोबर मध्यावर हवा. मोबाइलवरून, तपासलेल्या अॅम्प्लिफायरमार्फत, तीस हर्ट्झचा सूर अगदी हळू लाव, कोन डोलू दे, आणि खरखर येत नाही अशा जागी कडा दाबून बसव.

फाटलेल्या कागदाचं काम मला सगळ्यात आवडतं आणि त्यात घाई केलेली दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पांढरा फेव्हिकॉल घे, त्यात थोडं पाणी घाल, दुधाइतका पातळ कर. फेविक्विक नको. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्याच कडेने कागद पुन्हा चिरतो. ठिगळाला पांढरा पतंगाचा कागद घे. रंगीत घेतला तर रंग सुटतो. ठिगळ कात्रीने कापू नकोस, हाताने फाड, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि ते कोनाच्या तंतूंत मिसळतात. चिरेपेक्षा सर्व बाजूंनी चार-पाच मिलिमीटर मोठं, त्याहून नको. आधी चिरेच्या दोन्ही कडा एका पातळीत आण, मागून बोटाचा आधार दे, बारीक ब्रशने चिरेत गोंद भर आणि तो धरू दे. मग मागच्या बाजूला ठिगळ ठेवून वरून ब्रश टेकव. रात्रभर वाळू दे. चीर लांब असेल तरच पुढूनही एक ठिगळ. उजेडासमोर धरून बघ, प्रकाशाची रेघ दिसायला नको. पुढून ठिगळ पांढरं दिसतं म्हणून लोक त्याला काळा ऑइलपेंट लावतात. तसं करू नकोस, पाण्यात कालवलेल्या काळ्या शाईचा एक हात पुरे. वजन जितकं कमी वाढेल तितका आवाज जुन्या जागी राहतो. मधली टोपी आत दबलेली असेल तर कमी चिकट पट्टी हलके लावून बाहेर ओढ. आवाजात तिने फारसा फरक पडत नाही.

आतली छोटी पट्टी आता बघ, जिथून ट्वीटरला तार जाते. तिच्यावर एक कपॅसिटर आहे. तो खर्ज अडवतो आणि फक्त बारीक आवाज ट्वीटरकडे सोडतो. तो नसता तर ट्वीटर पहिल्याच ढोलकीला जळाला असता. आपल्या पेट्यांत ४.७ मायक्रोफॅरडचा आहे. आठ ओहमच्या ट्वीटरबरोबर तो साधारण ४२०० हर्ट्झच्या वरचा आवाज जाऊ देतो. हे जुने कपॅसिटर आतून सुकतात. वर काही दिसत नाही, पण किंमत बदलते, कधी वाढते, कधी घटते, आणि दोन पेट्यांत सारखी बदलत नाही. जोडी बिघडण्याचं हे मी पाहिलेलं सर्वांत सामान्य कारण आहे. म्हणून न तपासता दोन्ही बदल. दुकानात मागताना नॉन-पोलर किंवा बायपोलर असं स्पष्ट सांग. ज्याच्या अंगावर ऋण खुणेची पट्टी असते, तो साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा मिळाला तर सर्वांत चांगला, तो सुकत नाही. आकाराने मोठा असतो, पट्टीवर मावला नाही तर लाकडाला बांधून टाक. मायक्रोफॅरड तेवढेच ठेव. व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. यवतमाळला नाही मिळाला तर नागपूर, नाहीतर पुण्याची तापकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेतच. तिथे कुणी म्हणेल, थोडा मोठा घाला, ट्वीटर जोरात वाजेल. ऐकू नकोस. मोठ्या कपॅसिटरने ट्वीटरवर त्याच्या ताकदीबाहेरचा आवाज येतो.

मागच्या तारा लावायच्या खुंट्या हिरवट-काळ्या झाल्या असतील. पॉलिश पेपर घासू नकोस, वरचा मुलामा जातो. कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन पुस, फिरवून फिरवून. तार दोन पेट्यांना सारख्या लांबीची घे. खोलीतल्या चार-पाच मीटरला वीजवाला ४०/३६ म्हणतो ती तांब्याची दुहेरी तार भरपूर झाली. महागड्या तारांच्या गोष्टींवर पैसे घालवू नकोस, ते पैसे कपॅसिटरला दे.

लाकडाचं काम कोरड्या फडक्याने सुरू कर. वरची सागाची पापुद्री कुठे उचलली असेल तर तिच्याखाली पातळ फेव्हिकॉल सोड, वर सुती फडकं ठेव आणि कोमट इस्त्री दाबून धर. मग जवसाचं तेल. आपल्याकडे जवस पिकतं, पण ताजं घाण्याचं तेल वाळायला फार दिवस लागतात आणि धूळ धरतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवस तेल मिळतं, ते घे. अगदी थोडं, फडक्याने चोळून, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवस तेल वाळताना स्वतः तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून मग फेक. वॉर्निशचे थर देऊ नकोस; सागाला त्याची गरज नाही.

पुढचं जाळीचं कापड सुटं होत असेल तर रिठ्याच्या पाण्यात बुडवून, न पिळता, चौकटीवर ताणलेलंच सावलीत वाळव. फाटलं असेल तर नवं कापड तोंडासमोर धरून फुंक. फुंकर पलीकडे हाताला लागली तर कापड चालेल. मखमल किंवा जाड पडद्याचं कापड नको, बारीक आवाज तिथेच मरतो.

पेटी बंद करताना मागच्या फळीच्या कडेला पातळ फोमची पट्टी लाव. आपल्या पेट्या बंद जातीच्या आहेत, त्यांना भोक नाही. बसवल्यावर कोन हलका दाबून सोड. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. बहुतेक वेळा ती तारांच्या खुंटीपाशी असते.

आता अॅम्प्लिफायर, आणि इथे माझं सगळं ऐक. स्पीकर बरा झाला म्हणून जुना अॅम्प्लिफायर बरा आहे असं होत नाही. त्याच्या पोटातला एखादा ट्रान्झिस्टर फुटलेला असेल तर आवाजाऐवजी सरळ डीसी वीज स्पीकरकडे जाते. वीस व्होल्ट सहा ओहमच्या गुंडाळीवर आले की सुमारे ६७ वॅट नुसती उष्णता होते. वीस वॅटचा वूफर काही सेकंदांत जातो आणि तुझे हे सगळे दिवस वाया जातात. म्हणून पहिल्यांदा स्पीकर न जोडता, सिरीज बल्ब लावून चालू करायचा. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजच्या तारेत मध्ये घालतात. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. मंद झाला तर मीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या खुंट्यांवर मोज. पन्नास मिलिव्होल्टच्या आत हवेत. पूर्ण व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर लावायचा नाही. घरातल्या विजेचं उपकरण तू आजवर उघडलेलं नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घे. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरते.

नवा छोटा अॅम्प्लिफायर घ्यायचा विचार असेल तर खोक्यावरचे हजारभर वॅटचे आकडे वाचू नकोस. आपल्या पेट्यांना वीस-पंचवीस वॅट खरे पुरतात. मात्र अगदी दुबळाही घेऊ नकोस. कमी ताकदीचा अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत फिरवला की आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाने आधी ट्वीटर जातो.

पहिल्यांदा गाणं लावू नकोस, बोलणं लाव. आकाशवाणी यवतमाळवरच्या बातम्या किंवा कुणाचीही मुलाखत. माणसाच्या आवाजातली खोट कान लगेच पकडतो. गाण्यात वाद्यं ती झाकतात. दोन्ही पेट्या शेजारी ठेव, आवाज हळू, आणि एकदा ही, एकदा ती. एकीतला माणूस नाकात बोलत असेल तर तिचा ट्वीटर पुन्हा तपास. मग मोबाइलवरून खालून वर सरकणारा सूर हळू आवाजात लाव, तीस हर्ट्झपासून. मध्येच कुठे झणझण आली तर आधी खोली तपास. कपाटाची काच, भांड्यांची फळी, टिनाचं छत, हे सगळे बोलतात. पेटीवर हात ठेवून आवाज थांबला तरच दोष पेटीचा. दोन-चार दिवस हळूच वाजू दे. वर्षानुवर्षं ताठ बसलेली किनार आणि स्पायडर सैल व्हायला वेळ घेतात, आणि खर्ज खरोखर सुधारतो.

माळ्यावर बहुधा दोन कर्णेही सापडतील. आर्णीच्या बाबा कंबलपोश यांच्या उरुसात, गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात, लोणबेहळ-सावळी सदोब्याच्या लग्नांत असेच कर्णे खांबाला बांधलेले असायचे. त्यांचा नियम वेगळा आहे. कर्ण्याच्या मागचं युनिट वेगळं काढ, गळ्यात बांबूची काडी घालून मातीची घरटी काढ. युनिटचा पडदा गेला असेल तर तो बदलून मिळतो, पूर्ण युनिट टाकू नकोस. कर्ण्याशिवाय नुसतं युनिट जोरात वाजवायचं नाही, हवेचा आधार नसला की पडदा फाटतो. मागे छोटा ट्रान्सफॉर्मर असेल आणि १०० व्होल्ट लिहिलं असेल तर तो कर्णा घरच्या अॅम्प्लिफायरला लागत नाही, त्याला सभेचा अॅम्प्लिफायर हवा. आणि भजन मंडळाला परत देणार असशील तर त्यांना आठवण दे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो.

आपल्या पेट्या मात्र बैठकीत ठेव. जमिनीवर नको, फूट-दीड फुटाच्या स्टुलावर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोघींमध्ये सहा-सात फूट, आणि तू जिथे बसतेस तिथून दोघी सारख्या अंतरावर. भिंतीपासून हातभर पुढे ठेवून ऐक, मग थोड्या मागे सरकव. मागे नेलं की खर्ज वाढतो. कुठे थांबायचं ते खोली ठरवेल. एक कोपऱ्यात आणि दुसरी दारापाशी असं करू नकोस.

वापरात नसतील तेव्हा सुती चादर घाल, प्लॅस्टिक नको, त्यात ओल कोंडते. उताण्या किंवा पालथ्या ठेवू नकोस. पेटीवर फुलदाणी, पाण्याचा तांब्या, देवाचा दिवा ठेवायचा नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला तासभर वाजव. गुंडाळीच्या उबेने फटीतली ओल सुकते. आणि कपॅसिटर मिळाला की दुकानातूनच मला त्याचा फोटो पाठव, बसवण्याआधी त्यावरचा आकडा मला वाचायचा आहे.